मदत हवी आहे: दिवाळीच्या सुट्टीत सिंगापूर, दोन लहान मुलं आणि सासूबाई

मंडळी, दिवाळीच्या सुट्टीत सिंगापूरला जायचं घाटतंय. आम्ही दोघं, मोठा लेक सहाचा, धाकटी जेमतेम पावणेदोनची आणि सासूबाई. निघणार नाशिकहून, म्हणजे आधी गाडीने मुंबई आणि मग साडेपाच तासांचं विमान. घरातली ही पहिलीच परदेशवारी, त्यामुळे मतं प्रत्येकाची आणि प्लॅनिंग माझ्या एकटीच्या गळ्यात.

मुख्य प्रश्न, टूर कंपनी की आपलं आपण? नवऱ्याला टूर हवीये, डोक्याला ताप नको म्हणून. पण मी जो कार्यक्रम बघितला त्यात मलेशिया जोडलेलं, सकाळी साडेसातला बस, रात्री नऊला हॉटेल, की लगेच दुसऱ्या दिवशी बॅगा भरा. धाकटीची दुपारची झोप झाली नाही तर संध्याकाळी ते अख्ख्या बसला कळेल. मला वाटतंय एकच शहर, एकच हॉटेल, सकाळी एक ठिकाण, दुपारी रूमवर आणि ऊन उतरलं की परत बाहेर. जाऊबाई म्हणतात एवढे लांब जाताय तर मलेशिया पण उरकून घ्या. उरकायला ते काय केळवण आहे!

दुसरं तिकिटाचं. दोन वर्षांखालचं बाळ मांडीवर घेतलं तर भाडं अगदी कमी पडतं, पण ही नेमकी ट्रिपच्या मधेच दोनची होतेय, म्हणजे परतीला सीट घ्यावीच लागणार. मग जातानाही घ्यावी का पैसे वाचवावेत? (मोठ्याचा पासपोर्ट मार्चमध्ये संपतोय, लहान मुलांचा पाचच वर्षांचा मिळतो ना, सहा महिने शिल्लक हवेत म्हणून तो रीइश्यूला टाकलाय, तेवढं एक काम झालं.)

तिसरं खाणं. सासूबाईंचा चातुर्मास कार्तिकी एकादशीपर्यंत, कांदा-लसूण पूर्ण बंद. त्यांनी आत्ताच जाहीर केलंय की फराळाचे डबे बरोबर घेणार, चकली, शंकरपाळे, अनारसे वगैरे. लिटल इंडियात हॉटेल घेतलं तर सोयीचं पडेल का? आणि तिथल्या मंडाई भागात झू, पांडावालं रिव्हर वंडर्स, बर्ड पॅराडाइज आणि नाइट सफारी असं सगळंच आहे, त्यातलं या वयाला काय ठेवू नि काय गाळू?

प्रतिसाद

ताई, आधी अनारसे बाजूला काढा! सिंगापुरात खसखस आणायला बंदी आहे, आणि ती बघतं अमली पदार्थवालं खातं. करंजीच्या सारणात घातली असेल तर त्या पण घरीच. चकली, शंकरपाळे बिनधास्त न्या.

कांदा-लसणाचं वाटतं तेवढं अवघड नाही. सिंगापुरातल्या चिनी बौद्ध शाकाहारी स्टॉलवर पण कांदा-लसूण वर्ज्य असतो. फक्त ताटात हुबेहूब चिकन दिसेल, ते सोयाबीनचं असतं, हे सासूबाईंना आधीच सांगून ठेवा नाहीतर जेवण तिथेच संपायचं. लिटल इंडियात डोसा-इडली पावलोपावली मिळते, मेट्रोच्या दोन लाइनी आहेत, पण दिवाळीत तिथल्या सेरंगून रोडवर रोषणाई बघायला तोबा गर्दी असते. बाबागाडी घेऊन त्या संध्याकाळी नको, एक-दोन स्टेशनं लांब राहा.

मेट्रोत ९० सेंटिमीटरखालचं मूल मोठ्यांबरोबर फुकट, बाबागाडी उघडीच आत नेता येते. ग्रॅब (तिकडचं ओला-उबरसारखं ॲप) मागवणार असाल तर लहान मुलांसाठी सीट असलेली गाडी निवडा, खाजगी गाडीत ती सक्तीची आहे, टॅक्सीला सूट आहे. मंडाईला खातिब स्टेशनवरून शटल बस मिळते. झू सकाळी उघडल्या उघडल्या गाठा, कारण नोव्हेंबरात दुपारी धो धो पाऊस येतो. सकाळी झू आणि लागूनच असलेलं रिव्हर वंडर्स, एवढंच पुरे. नाइट सफारी धाकटीसाठी गाळा, मोठ्याला बाबांबरोबर पाठवा.

प्रतिसाद

सीट दोन्हीकडे घ्या. पावणेदोन-दोनची मुलगी विमानातल्या बाळांच्या पाळण्यात मावत नाही, आणि रात्रीचं विमान असेल तर मांडीवर तिचीही झोप नाही नि तुमचीही. टूरबद्दल तुमचंच बरोबर आहे, मलेशिया कुठे पळून जात नाही.

अजून एक, व्हिसा मिळाला तरी सिंगापूरचं अरायव्हल कार्ड (प्रवेशाचा ऑनलाइन फॉर्म) वेगळं भरायचं असतं, पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत, प्रत्येकाचं, बाळाचंही. ते फुकट असतं. पैसे मागणारी साइट दिसली की बंद करा.

धागाकर्ती

बापरे, खसखशीचं डोक्यातही आलं नसतं! सासूबाईंना वाचून दाखवलं, त्या म्हणतात मग अनारसे जाण्याआधी इथेच खाऊन संपवू. ९० सेंटिमीटरचं वाचून धाकटीला भिंतीला उभं करून मोजलं, ८४ भरली. आता नवऱ्याला हा धागा पाठवतेय. पांडा दुपारी झोपलेले असतात की जागे, तेवढं कुणी सांगेल का? मोठा रोज तेच विचारतोय.