सीट मागे सरकवली आणि एअरबॅगचा दिवा पेटला, विझतच नाही

मागची_सीट: गाडी आतून साफ करताना ड्रायव्हरशेजारची सीट पार मागे नेली. तेव्हापासून एअरबॅगचा दिवा पेटलेलाच आहे. गाडी कुठे ठोकलेली नाही, बॅटरी चांगली आहे. ब्लूटूथच्या साध्या स्कॅनरवर (गाडीने नोंदवलेले दोष वाचणारं यंत्र) एकही दोषाचा कोड दिसत नाही. सीटखाली पिवळा कनेक्टर आहे. तो काढून मल्टीमीटरने तपासला तर चालेल का?

वायरिंगवाला: मल्टीमीटर अजिबात लावू नका. पिवळा कनेक्टर म्हणजे पुढे स्फोटक भाग आहे: सीटमधली साइड एअरबॅग किंवा बेल्टचा प्रिटेन्शनर (धडकेच्या क्षणी बेल्ट ताणणारा भाग). ओहम मोजताना मीटर स्वतःचा करंट सोडतो आणि इग्नायटर (स्फोट पेटवणारी छोटी बत्ती) उडायला फार करंट लागत नाही.

स्कॅनरला काही दिसत नाही, कारण तो फक्त इंजिनाचे पी-कोड वाचतो. एअरबॅगचं मॉड्यूल (कंट्रोल युनिट) वेगळं असतं, त्याचे कोड बहुतेक 'बी'ने सुरू होतात. एसआरएस (एअरबॅग आणि बेल्टची यंत्रणा) वाचणारा स्कॅनर मिळवा आणि कोड पुसण्याआधी लिहून ठेवा. पुसल्यावर लगेच परत आला तर दोष आत्ता चालू आहे. सीट हलवल्यावरच आला तर वायर किंवा पिन सैल आहे. कोडसोबतचं वर्णनही लिहा. 'रेझिस्टन्स जास्त' आणि 'रेझिस्टन्स कमी' यांचा इलाज वेगवेगळा आहे.

मागची_सीट: एसआरएस स्कॅनर मिळाला. प्रवासी बाजूचा प्रिटेन्शनर, रेझिस्टन्स जास्त. कोड पुसला की जातो, सीट सरकवली की परत येतो.

वायरिंगवाला: मग प्रिटेन्शनर खराब असण्यापेक्षा सर्किट मध्येच तुटत असण्याची शक्यता जास्त.

इग्निशन बंद करा, बॅटरीची निगेटिव्ह काढा आणि निदान 3 मिनिटं थांबा. मॅन्युअलमध्ये जास्त वेळ दिला असेल तर तेवढं थांबा. मॉड्यूलमधल्या कपॅसिटरमध्ये चार्ज शिल्लक असतो, म्हणून हे थांबणं टाळू नका. मग आधी कनेक्टर न उघडता नीट बघा: लॉक अर्धवट बसलंय का, वायर रुळाच्या कडेला घासलीय का, सीट पूर्ण मागे नेल्यावर ताणली जातेय का. सफाईत व्हॅक्यूमचं तोंड अडकून लॉक सुटणं अगदी नेहमीचं.

कनेक्टर उघडलाच तर पिन हिरव्या पडल्यात का आणि मादी टर्मिनल पसरलंय का ते पाहा. कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, पूर्ण वाळू द्या, 'टक' आवाज येईपर्यंत दाबा आणि दुसरं लॉकही लावा. या कनेक्टरमध्ये एक शॉर्टिंग पट्टी असते. उघडल्यावर ती दोन्ही पिना जोडते, म्हणजे स्थिर विजेने एअरबॅग उडत नाही. कनेक्टर पुरता बसला नाही तर ती पट्टी पिनांना टेकूनच राहते आणि 'रेझिस्टन्स कमी' असा कोड येतो. तुमच्याकडे उलटं आहे, म्हणून मी आधी पिन आणि वायर बघेन.

बेल्ट_लावा: यात एक भर. प्रिटेन्शनरच्या जागी साधारण 2 ओहमचा रेझिस्टर लावून तपासतात. कोड गेला तर दोष प्रिटेन्शनरमध्ये, राहिला तर वायरिंगमध्ये किंवा मॉड्यूलमध्ये. पण हे फक्त तपासणीपुरतं! तसाच ठेवला तर दिवा विझतो आणि धडकेच्या वेळी बेल्ट ताणला जात नाही. असं करून गाडी दुसऱ्याच्या हाती देणं सरळसरळ धोक्याचं आहे. वायर तुटली असेल तर पिळून टेप गुंडाळू नका, कंपनीने सांगितलेलं क्रिंप जॉइंट (दाबून बसवायचा धातूचा जोड) किंवा नवा तुकडाच घाला.

सीटखालचा: कोड 'प्रवासी सेन्सर'चा (सीटवर कोणी बसलंय का ते ओळखणारा) असता तर गोष्ट वेगळी होती. सीटच्या गादीखालची प्रेशर मॅट पाण्याने भिजली की चुकीचं वजन दाखवते. काही गाड्यांत वजनाचे सेन्सर सीटच्या बोल्टपाशीच असतात. तिथे बोल्ट ठरलेल्या टॉर्कलाच (आवळण्याच्या जोरालाच) आवळावे लागतात आणि रिकाम्या सीटवर स्कॅनरने शून्य कॅलिब्रेशन करावं लागतं. कॅलिब्रेशन न करता मॅट किंवा सेन्सर बदलला तर दिवा तसाच राहू शकतो.

वायरिंगवाला: बॅटरी जोडताना गाडीत कोणी बसलेलं नको. इग्निशनची किल्ली बाहेरून, एअरबॅगसमोरून बाजूला राहून फिरवा. दिवा काही सेकंद पेटून विझला पाहिजे. सुरुवातीला पेटलाच नाही तर तोही दोष समजा. मग सीट पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे नेऊन कोड पुन्हा वाचा.