जुन्या मोटारींचे धर्मादाय प्रदर्शन: रस्ता सुरक्षेला मध्यवर्ती स्थान कसे द्यावे?

प्रश्न (कोल्हापूर)

नमस्कार मंडळी. जुन्या गाड्या जपणारे आम्ही काही हौशी लोक जानेवारीतील रस्ता सुरक्षा अभियानाच्या काळात, एका महाविद्यालयाच्या मैदानावर एक दिवसाचे प्रदर्शन भरवणार आहोत. फियाट 1100, ॲम्बेसेडर, विलीज जीप, लॅम्ब्रेटा, जावा अशा गाड्या निश्चित झाल्या असून जमणारी रक्कम अपघातग्रस्तांच्या पुनर्वसनाचे काम करणाऱ्या एका नोंदणीकृत संस्थेला द्यायची आहे. दसऱ्याला कोल्हापूरच्या छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक मोटार पाहायला लोटणारी गर्दी पाहता लोक येतील की नाही, ही चिंता नाही. मात्र गाड्यांसमोर फोटो काढून हीच मंडळी एका दुचाकीवर तिघे बसून, हेल्मेटविना घरी जातील, ही धास्ती आहे. सुरक्षेचा विषय कोपऱ्यातल्या एका फलकावर संपू नये, यासाठी काय करता येईल? परवानग्या आणि हिशेब यांविषयीही जाणकारांनी लिहावे.

उत्तर (पुणे)

वेगळा सुरक्षा विभाग मांडूच नका. तुमच्या गाड्यांनाच बोलू द्या. फियाटच्या बॉनेटवर अश्वशक्तीचा तक्ता लावण्याऐवजी त्या गाडीत काय नव्हते ते लिहा. डॅशबोर्ड पत्र्याचा, सीटला मान टेकायला आधार नाही, पट्टा नाही, आणि स्टिअरिंगचा दांडा सरळ चालकाच्या छातीवर रोखलेला. प्रेक्षकाला चालकाच्या जागी बसवून, धडक झाली तर छाती नेमकी कुठे आदळेल, तिथे त्याचाच हात ठेवायला लावा. मग भाषणाची गरज उरत नाही. आज आपण वापरतो तो तीन टोकांचा पट्टा व्होल्वोचे अभियंते नील्स बोहलिन यांनी 1959 मध्ये तयार केला आणि कंपनीने तो इतर उत्पादकांनाही वापरू दिला, हेही तिथेच सांगता येईल. मागच्या सीटच्या पट्ट्याविषयी सप्टेंबर 2022 मध्ये पालघर जिल्ह्यात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचे अपघाती निधन झाल्यावर घरोघरी चर्चा झाली खरी, पण सवय फारशी बदललेली दिसत नाही.

एक मतभेद मात्र नोंदवतो. 2022 मध्ये देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे गेली आणि त्यांत सुमारे 44 टक्के दुचाकीवरील होती. तेव्हा मैदानातली मोक्याची जागा मोटारींना नव्हे, तर लॅम्ब्रेटा आणि जावाला द्या. शेजारी आयएसआय चिन्हाची हेल्मेट ठेवून हनुवटीखालचा पट्टा कसा आवळायचा ते प्रत्येकाकडून करून घ्या, कारण पट्टा न लावलेले हेल्मेट पहिल्याच आपटीत डोक्यावरून निघून जाते.

उत्तर (नाशिक)

पैशांचे आधी ठरवा. तुमचा गट नोंदणीकृत नसेल, तर स्वतःच्या नावाने वर्गणी गोळा करू नये, कारण महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम 41-क चा (धर्मादाय कामासाठी वर्गणी गोळा करण्याविषयीच्या तरतुदीचा) प्रश्न उपस्थित होतो. लाभार्थी संस्थेनेच पावती द्यावी आणि रक्कम थेट तिच्याच खात्यात जमा व्हावी. संस्थेकडे दात्याला आयकरात सवलत देणारी, 80-जी म्हणून ओळखली जाणारी मान्यता असली, तरी 2,000 रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीवर करसवलत मिळत नाही, हे दात्यांना आधीच सांगितलेले बरे.

गाड्यांबाबत सांगायचे, तर 2021 च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे उलटलेल्या वाहनाला विंटेज म्हणून नोंदणी मिळते आणि त्याच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. असे वाहन प्रदर्शनासाठी रस्त्यावर आणता येते, रोजच्या वापरासाठी नाही. बाकीच्यांची नोंदणी, विमा आणि पीयूसी चालू नसेल, तर गाडी ट्रकवर चढवून आणावी. रस्ता सुरक्षेच्या कार्यक्रमाला येणारी गाडीच विनाविमा निघाली, तर वर्तमानपत्राला आयती बातमी मिळेल. मैदानाची आणि ध्वनिक्षेपकाची परवानगी लागेलच. गाड्यांच्या टाकीत पेट्रोल असल्याने पावडरची अग्निशामक नळकांडी हाताशी ठेवावीत. कानठळ्या बसवणारे सायलेन्सर विकणाऱ्यांचे प्रायोजकत्व, कितीही रक्कम देऊ केली, तरी घेऊ नये.

उत्तर (सांगली, रुग्णालयातील परिचारिका)

अपघातात चेंदामेंदा झालेली गाडी मांडण्याचा मोह अशा वेळी अनेकांना होतो. तिच्या मालकाचे नातेवाईक त्याच गर्दीत असू शकतात, म्हणून ते टाळावे. त्यापेक्षा प्रात्यक्षिक ठेवा. वाहणाऱ्या रक्तावर स्वच्छ कापड दाबून धरणे, बेशुद्ध माणसाला पाणी न पाजणे, मान न हलवणे, हेल्मेट घाईने ओढून न काढणे, 108 ला नेमके ठिकाण सांगणे, एवढे शिकले तरी पुष्कळ झाले. लोक थांबत नाहीत ते पोलिसांचा ससेमिरा मागे लागेल या भीतीने. मोटार वाहन कायद्याचे कलम 134-क मदत करणाऱ्याला संरक्षण देते आणि तो साक्षीदार व्हायला तयार नसेल, तर त्याच्यावर सक्ती करता येत नाही, हे मोठ्या अक्षरांत लावा. 2025 पासून अपघातग्रस्तावर सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या मर्यादेत रोकडविरहित उपचारांची योजना लागू आहे. तीही बहुतेकांना माहीत नसते.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. दुचाकी प्रवेशद्वाराशीच मांडू, आणि हेल्मेट घालून येणाऱ्याला प्रवेशिका निम्म्या दरात देऊ. एक अडचण उरते. आपल्या लाडक्या गाडीवर तिच्या उणिवांची पाटी लावायला दोन मालक तयार नाहीत.

उत्तर (पुणे)

पाटीचा मजकूर त्यांनाच लिहायला सांगा आणि खाली त्यांचे नाव छापा. आपल्या गाडीची खोड सांगायला बसला की जुन्या गाडीचा मालक एका पाटीवर थांबत नाही.