अंगणवाडीच्या पाकिटात हरभरा, शेंगदाणा, सोयाबीन आणि कच्ची केळी का नको?

मांजराकाठची आजी (लातूर):
नातू सव्वा वर्षाचा, वजन पावणेआठ किलो. अंगणवाडीच्या तक्त्यावर पिवळ्या पट्ट्यात, म्हणजे वयाच्या मानानं वजन कमी. घरपोच आहाराच्या पाकिटाची लापशी केली की दोन घासांत तोंड फिरवतो. उरलेली म्हशीच्या आंबोणात जाते, आणि आमच्या गल्लीत बऱ्याच घरी हेच चालतं.

म्हणून ढाक्यातल्या मीरपूर वस्तीतला प्रयोग वाचल्यापासून चैन नाही. कुपोषित लेकरांच्या आतड्यातले जीवाणू त्यांच्या वयाच्या मानानं मागे राहिलेले असतात, हे विष्ठेतला डीएनए वाचून कळलं होतं. मग अमेरिकेतले जेफ्री गॉर्डन आणि ढाक्याचे तहमीद अहमद यांच्या गटानं या लेकरांचे जीवाणू जंतुविरहित वाढवलेल्या उंदरांच्या पोटात सोडले आणि कोणत्या अन्नानं कोणता जीवाणू वाढतो ते पाहिलं. त्यातून हरभरा, शेंगदाणा आणि सोयाबीनचं पीठ अधिक कच्ची केळी असं मिश्रण निघालं. १२ ते १८ महिन्यांच्या सुमारे १२० लेकरांवर तीन महिने चाचणी झाली, निकाल २०२१ साली आला. तांदूळ, मसूर, दूध पावडर असलेल्या नेहमीच्या पूरक आहारापेक्षा यात उष्मांक कमी, तरी वजन जास्त वेगानं वाढलं.

हरभरा-सोयाबीन लातूरच्या आडतीत ढिगानं पडतं. केळी अर्धापूरची. मग अडलंय कुठं?

गोदाकाठ (नांदेड):
आजी, मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो. तुमची कळकळ समजते, पण माझा विरोध आहे. त्या चाचणीत वजनातला फरक खरा होता, पण लहान. उंचीत फरक दिसला नाही. शिवाय मीरपूरच्या लेकरांचे जीवाणू म्हणजे औसा-निलंग्याच्या लेकरांचे नव्हेत, आपल्याकडचे नमुने आधी तपासावे लागतील.

आणि पाणी? मे महिन्यात टँकर विहिरीत रिकामा होतो, त्याच विहिरीतून घागरी भरतात. असं पाणी सतत पोटात गेलं की आतड्याच्या आतली लव झिजते आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. पैसा आधी क्लोरीनवर खर्च व्हावा. शेंगदाण्याचंही सांगतो. दमट गोदामात त्याला बुरशी लागते, तिचं विष लेकरांची वाढ खुंटवू शकतं. हजारो पाकिटांत ते तपासणार कोण?

विद्यापीठ गेट (संभाजीनगर):
डोळे झाकून पीठ चारण्यापेक्षा आधी तपासणी करावी. विष्ठेच्या नमुन्याचं किट आता घरी मागवता येतं. कुठला जीवाणू कमी ते कळलं की तेवढाच द्यायचा. ओडिशात २०१७ साली हेच सिद्ध झालं. साडेचार हजारांवर नवजात बाळांना सात दिवस लॅक्टोबॅसिलस प्लांटेरम हा उपयोगी जीवाणू दिला, तर जंतुसंसर्ग किंवा मृत्यूचं प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आलं.

गोदाकाठ (नांदेड):
ओडिशाचा दाखला मी वर्गात देतो, फार मोलाचं काम आहे. पण तिथं एकाही बाळाची विष्ठा तपासून औषध ठरवलं नव्हतं. सगळ्यांना एकच ठरावीक वाण दिला, सोबत त्या जीवाणूचं खाद्य असलेली साखर, तेही जन्मल्यावर पहिल्याच दिवसांत. किटच्या अहवालात नावं येतात, पण निरोगी आतडं नेमकं कसं दिसतं याचं सर्वमान्य माप अजून नाही. एकच नमुना दोन प्रयोगशाळांत वेगळा वाचला जातो. सव्वा वर्षाच्या पोराच्या आजीला त्या खर्चात पाडू नका.

बालाघाटची आशा (बीड):
दोघायचंबी खरं हाय, पण लेकरू गावात असलं तर ना! दसरा-दिवाळी झाली की आमची वाडी रिकामी. कोयत्याबरोबर लेकरंबी कारखान्यावर. कोपीत चूल पहाटे पेटती ती भाकरीपुरती, मग माय फडात. पाकीट इथं, लेकरू तिथं. जुलाब लागले की तिथला डॉक्टर अँटिबायोटिक देतो, संगं जीवाणूची पुडी. ढाक्याचं असू द्या नाहीतर कुठलं, न शिजवता देता येईल असंच काढा. कच्ची केळी फडात कोण उकडणार?

गोदाकाठ (नांदेड):
ताई, या पुड्यांबद्दल एक सांगतो. २०१८ साली इस्राएलच्या वाइझमन संस्थेनं दाखवलं की अँटिबायोटिकनंतर अशा पुड्या घेतलेल्या मोठ्या माणसांत मूळचे जीवाणू परतायला उलट उशीर लागला. लेकराला जुलाबात आधी ओआरएस आणि झिंक मिळालं पाहिजे.

मांजराकाठची आजी (लातूर):
सर, पाण्याचं पटलं. पण मी पाणी उकळूनच देते, पोराला जुलाब नाहीत, तरी काटा हलत नाही. त्याच्यासाठी तुमच्याकडं 'थांबा' एवढंच उत्तर आहे का?

गोदाकाठ (नांदेड):
नाही आजी. त्याला या आठवड्यातच बालरोगतज्ज्ञांना दाखवा. घरात भाजलेल्या डाळव्याचं पीठ आणि शेंगदाण्याचं बारीक कूट आजपासून घाला. दाणे निवडून घ्या, खवट किंवा काळा दिसला की टाका. अख्खा दाणा देऊ नका, श्वासनलिकेत अडकतो. सोयाबीन चांगलं भाजल्याशिवाय नको. अन्न म्हणून हे सगळं द्या. सरकारी पाकिटावर 'जीवाणू सुधारणारा आहार' असं आपल्या लेकरांवर चाचणी न करता छापायला मात्र माझा विरोध कायम आहे.

मांजराकाठची आजी (लातूर):
मग चाचणी आमच्याच अंगणवाडीत घ्या. पिवळ्या पट्ट्यात अजून सहा लेकरं आहेत. त्यांच्या आयांशी मी बोलते.