नाव एकच, मग मेटारायझियमच्या दोन पाकिटांचा हुमणीवर वेगवेगळा परिणाम का?

प्रश्न (ऊस उत्पादक, सांगली जिल्हा)

नमस्कार. उसातील हुमणीसाठी (मुळे खाणारी भुंगेऱ्याची अळी) मी मेटारायझियम अॅनिसोप्ली या बुरशीची दोन उत्पादने शेणखतात मिसळून शेजारशेजारच्या प्लॉटमध्ये दिली. दोन्ही पाकिटांवर बुरशीचे नाव एकच होते आणि बीजाणूंची (बुरशीच्या सूक्ष्म बियांची) संख्याही सारखीच छापलेली होती. एका प्लॉटमध्ये बुडखा उकरल्यावर अंगावर हिरवी भुकटी चढलेल्या, कडक झालेल्या अळ्या सापडल्या. दुसऱ्यात मात्र हुमणी मुळे खातच राहिली. जमीन, ओलावा आणि देण्याची वेळ एक असताना असे का व्हावे?

उत्तर १ (कीटकशास्त्राची अभ्यासक)

पाकिटावर एकच नाव असले, तरी आत एकच बुरशी असेल असे नाही. १८७९ मध्ये प्राणिशास्त्रज्ञ मेचनिकॉफ यांनी आजच्या युक्रेनमधील ओदेसा परिसरात गव्हावरील भुंगेऱ्यावर अभ्यासलेली ही बुरशी पुढे दीर्घकाळ एकच प्रजाती मानली गेली. परंतु २००९ मध्ये अनेक जनुकांची तुलना झाली, तेव्हा त्या एका नावाखाली रॉबर्ट्सी, ब्रुनियम, पिंगशाएन्स, अॅक्रिडम अशा कित्येक स्वतंत्र प्रजाती असल्याचे स्पष्ट झाले. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांतील अनेक सारख्याच दिसतात, वागणे मात्र वेगळे असते. अॅक्रिडम टोळ आणि नाकतोड्यांच्याच कुळाला मारते, म्हणून आफ्रिकेत टोळनियंत्रणासाठी तिची निवड झाली; रॉबर्ट्सी मात्र अनेक गटांतील किडींना ग्रासते. एकाच प्रजातीच्या दोन स्ट्रेनमध्येही (उपप्रकारांमध्येही) अळीच्या कातडीला चिकटण्याची आणि विकरांच्या (एन्झाइमांच्या) साहाय्याने ती भेदण्याची क्षमता कमीजास्त असते. बीजाणूंच्या संख्येवरून ही क्षमता कळत नाही, आणि मला वाटते की शेतकऱ्याची खरी फसगत इथेच होते. त्यामुळे प्रजातीच्या नावाबरोबर स्ट्रेनचा क्रमांकही पाहावा.

उत्तर २

वरील मताशी सहमत आहे, परंतु सगळा फरक जनुकीय विविधतेवर टाकू नये. दुकानात उन्हात तापलेल्या पाकिटातील बीजाणू मरतात, आणि प्रयोगशाळेतील कृत्रिम माध्यमावर पुन्हा पुन्हा वाढवलेला चांगला स्ट्रेनही आपली मारकता गमावू शकतो. म्हणून तो अधूनमधून जिवंत किडीवर वाढवून, मेलेल्या किडीतून पुन्हा काढून घ्यावा लागतो. शिवाय कॅनडातील ओंटारिओमध्ये जंगलातील आणि शेतातील मातीतून मिळालेले मेटारायझियमचे जनुकीय गट वेगळे निघाले होते: जंगलातील गट थंडीत वाढणारा, शेतातील गट उष्णता व अतिनील किरणे सोसणारा. म्हणजे यजमान किडीइतकाच (ज्या किडीवर बुरशी वाढते तिच्याइतकाच), किंबहुना अधिक, अधिवासाचा प्रभाव त्यांच्यावर पडलेला होता. आपल्या तापत्या जमिनीसाठी स्थानिक मातीतून निवडलेला स्ट्रेन मला म्हणूनच महत्त्वाचा वाटतो.

प्रश्नकर्ता

मनःपूर्वक आभार. पहिल्या प्लॉटमधील मेलेल्या अळ्या तपासणीसाठी द्यायच्या असतील, तर त्या कशा ठेवाव्यात?

उत्तर १ (कीटकशास्त्राची अभ्यासक)

अळ्या वेगवेगळ्या कागदी पुड्यांत, सावलीत कोरड्या ठेवा. बंद प्लास्टिकच्या पिशवीत त्या कुजतात. पुडीवर गट क्रमांक, तारीख आणि वापरलेल्या उत्पादनाचा स्ट्रेन क्रमांक लिहा. अळीवर वाढलेली बुरशी पाकिटातलीच आहे की आधीपासून तुमच्या मातीत होती, हे जनुकीय तुलनेनेच ठरेल, म्हणून उरलेल्या पाकिटातील थोडी पावडरही सोबत द्या.