दक्षिण सुदानहून परत आलेल्या माझ्या बहिणीला 'पळून आली' म्हणणाऱ्यांशी बोलायचंय

अक्का, जुळे सोलापूर

माझी धाकटी बहीण नर्स आहे. इथे आठ वर्षं वॉर्डात काढल्यावर २०२४ च्या नोव्हेंबरात ती एका मदतसंस्थेची स्वयंसेवक म्हणून दक्षिण सुदानला गेली. पगार नाही, राहण्याखाण्यापुरता भत्ता. करार वर्षाचा. मलाकाल नावाचं गाव, पांढऱ्या नाईलच्या काठावर. त्या देशात २०२४ च्या ऑक्टोबरपासून कॉलऱ्याची साथ चालू होती. आमची आज्जी ज्याला पटकी म्हणायची आणि म्हणताना आवाज खाली आणायची, तोच हा रोग. बहीण तिथे दिवसाला किती सलाईन लावायची ते मोजायचं तिने सोडून दिलं होतं. शुद्धीवर असलेल्याला ओआरएस, नाडी लागत नसेल त्याला सलाईन, आणि दारात क्लोरीनच्या पाण्याची बादली. एवढ्यावर माणूस दोन दिवसांत उठून घरी चालत जातो, असं ती फोनवर सांगायची. तिचा तो आवाज मी इथल्या नोकरीत कधी ऐकला नव्हता.

मार्च २०२५ च्या सुरुवातीला नासिरमधला सैन्याचा तळ एका सशस्त्र गटाने घेतला. ७ मार्चला तिथून सैनिकांना न्यायला गेलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या हेलिकॉप्टरवर गोळीबार झाला, त्यात माणसं गेली. मलाकाल आणि नासिर एकाच राज्यात. संस्थेने बाहेरदेशच्या लोकांना तात्पुरतं काढायचं ठरवलं. बहिणीला कुणी विचारलं नाही. सकाळी सातला रेडिओवर निरोप आला, साडेनऊला विमान, सोबत पंधरा किलोची बॅग. छोट्या विमानाने जुबा, मग आदिस अबाबा, मुंबई आणि रात्रीची सिद्धेश्वर. पाडव्याच्या आठ दिवस आधी आईने तिला स्टेशनवर बघितलं आणि तिथेच प्लॅटफॉर्मवर बसली.

दुसऱ्या दिवसापासून लोकांची रीघ. "चार महिन्यांत आली बघा." "भ्यायली असणार पोरगी." "एवढा सत्कार घेऊन गेली होती." हे सगळं ती आत बसून ऐकत असणार. निघायच्या आधी गल्लीने हार घातला होता, तोच हार आता तिच्या गळ्याशी आलाय.

माझं म्हणणं सरळ आहे. आगीत शिरणाऱ्या फायरमनला साहेबाने बाहेर ये म्हटलं तर तो बाहेर येतो, त्याला कुणी पळपुटा म्हणत नाही. परिस्थिती निवळली आणि संस्थेने बोलावलं की ती परत जाणार म्हणते. आई तिच्याशी त्यावरून बोलत नाहीये. तुमचं काय मत? पण 'पळून आली' एवढं सोडून बोला.

निवृत्त मास्तर

अक्का, तुमच्या बहिणीच्या धैर्याबद्दल शंका नाही. पण आपण सोलापूरकर आहोत. भैय्या चौकात ज्यांचं स्मारक आहे ते डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले तेव्हा तिथे जपानी बॉम्ब पडत होते. वडील गेल्याची बातमी त्यांना तिकडेच कळली, तरी ते परतले नाहीत. ९ डिसेंबर १९४२ ला तिथेच गेले, वय ३२. चाळीस वर्षं मी हा धडा पोरांना शिकवला. सेवा पत्करायची तर अवघड दिवसांसाठीच पत्करायची. सोपे दिवस असताना तिथे परक्या माणसाची गरज काय? रोग्याला डॉक्टर लागतो तो नेमका गोळीबाराच्या दिवशी. "भ्यायली" म्हणणारे चुकले, हे मान्य. पण "यात काहीच बिघडलं नाही" हेही मला पटत नाही.

डफरीन चौक

सर, तोच धडा पूर्ण वाचू या. त्या पथकात पाच डॉक्टर होते: अटल, नागपूरचे चोळकर, कोटणीस, बसू आणि मुखर्जी. कोटणीस सोडून चौघे परत आले. कुणी लवकर, कुणी उशिरा. बसू १९४३ मध्ये आले. या चौघांना आपण पळपुटे म्हणतो का? आपल्याला त्यांची नावंही आठवत नाहीत, कारण आपल्याला मेलेला माणूसच मोठा वाटतो. हे मला फार टोचतं.

दुसरं, कोटणीस तिथल्या सैन्यासोबत होते. त्यांच्या बाजूने एक फौज उभी होती. आजच्या मदतसंस्था हत्यार ठेवत नाहीत, दोन्ही बाजूंच्या माणसांवर उपचार करतात आणि त्यांचं संरक्षण म्हणजे दोन्ही बाजूंनी दिलेला शब्द. तो शब्द मोडला की नुसती भिंत आणि पत्र्याचं छप्पर उरतं. डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स २२ वर्षं सोमालियात होती, माणसं मारली गेली, पळवली गेली, तेव्हा २०१३ च्या ऑगस्टमध्ये अख्खी संस्था बाहेर पडली. २०१७ मध्ये पुन्हा गेली. बाहेर पडलेली संस्था परत जाऊ शकते.

विडी घरकुलची

मला दोघांशीही भांडायचंय. मुळात सुदान कशाला? माझी आई विड्या वळते. आमच्या इथे दर दुसऱ्या घरात तंबाखूच्या धुळीने खोकणारी बाई आहे, बीपी आहे, शुगर आहे, आणि दवाखान्यात जायचं तर त्या दिवसाची मजुरी बुडते. एक हजार विड्या वळल्या तर पैसे, नाहीतर नाही. आठ वर्षांचा अनुभव असलेली नर्स आम्हाला आठवड्यातून दोन तास मिळाली तर इथल्या बाया तिला डोक्यावर घेतील. तिला विमान लागणार नाही, शहर बस पुरते. अक्का, मी टोमणा मारत नाहीये. लांबच्या दुःखाला हार मिळतो आणि जवळच्याला मिळत नाही, याचा राग येतो मला.

खार्तूमहून आलेला

मी सुदानमध्ये होतो, दक्षिणेतल्या नव्हे, वरच्या. खार्तूममध्ये एका कारखान्यात मशीन मेंटेनन्सला. १५ एप्रिल २०२३ ला सकाळी गोळीबार सुरू झाला. नऊ दिवस आम्ही सात जण एका खोलीत, खिडकीला गाद्या लावून. पाणी संपलं तेव्हा एसीचं ठिबकणारं पाणी साठवायचो, मग लाईटच गेली. पुढे भारतीयांना बाहेर काढायला सरकारचं ऑपरेशन कावेरी सुरू झालं, बसने पोर्ट सुदान, तिथून नौदलाच्या जहाजाने जेद्दा, मग विमान. म्हणून मास्तरांना हात जोडून सांगतो, सर, गोळीबाराच्या दिवशी माणूस कुणाच्याच उपयोगाचा राहत नाही. तो फक्त जमिनीवर पालथा पडलेला असतो.

पण मला झोप लागत नाही ती वेगळ्याच गोष्टीने. आमच्या शिफ्टचा एक सुदानी फोरमन होता. त्याने माझी बॅग बसपर्यंत उचलून आणली. माझ्याकडे भारताचा पासपोर्ट होता, त्याच्याकडे त्या देशाचा. बस सुटली, तो तिथेच उभा. नंतर त्याचा फोन लागला नाही, आजपर्यंत नाही. अक्का, तुमची बहीण गप्प बसत असेल तर लोकांच्या बोलण्याने बसत नसेल. तिच्या हाताखालच्या तिथल्या नर्सा मागे राहिल्या असतील. त्यांना कोण विमान पाठवणार?

आणि माझं मत विचारलंत तर, जाऊ देऊ नका. मी आईचा चेहरा बघितलाय.

निवृत्त मास्तर

भाऊ, तुमचं वाचून थोडा वेळ बाहेर ओट्यावर जाऊन बसलो. जे भोगलंत त्यापुढे मी काय बोलणार. पण तुमच्याच बोलण्यातून माझा प्रश्न जास्त टोकदार होतो. तिथल्या नर्सा राहिल्या ना? मग दवाखाना चालूच असेल. म्हणजे त्या दिवशी कामाला आल्या त्या स्थानिक पोरी. सत्कार त्यांचा व्हायला हवा. आपण परदेशी जाणाऱ्याला देव करतो आणि मग तो परत आला की खाली आपटतो. दोन्ही चूक. कोटणीसांच्या बाबतीत मात्र मी माझं मत बदलत नाही.

अक्का, जुळे सोलापूर

खार्तूमच्या भाऊंनी लिहिलेलं मी तिला मोठ्याने वाचून दाखवलं. निम्म्यावर ती उठून गॅलरीत गेली.

मग रात्री तिने सांगितलं. दवाखाना चालू आहे. तिच्यासोबतच्या तिथल्या पाच नर्सा रोज येतात, त्यातली एक आठ महिन्यांची गरोदर आहे. बहीण रोज संध्याकाळी मोबाईल घेऊन कुठे गायब होते ते आता कळलं, त्यांच्याशी बोलत असते. कुणाला किती सलाईन लावायचं, कुठल्या लेकराची शीरच सापडत नाही, असलं सगळं. नेट गेलं की हिचं जेवण जात नाही. निघताना त्या पोरींनी हिला विमानाकडे ढकललं, तू जा, बाहेरून सलाईनचा साठा पाठवायला सांग म्हणाल्या. ती ज्याला लाज म्हणते ती हीच आहे, शेजाऱ्यांचं तिच्या कानावरसुद्धा पडलं नव्हतं म्हणे. मी उगाच आठवडाभर लोकांशी भांडत होते.

मास्तर, तुमचं शेवटचं म्हणणं तिला मान्य आहे. मला अर्धंच. ज्याच्या कराराच्या कागदावर 'आदेश आल्यास निघावे' लिहिलंय त्याने निघायलाच हवं. एकाने हट्ट केला तर त्याला आणायला आणखी चौघांचा जीव धोक्यात जातो.

आईचं अजून तेच. परवा तिने माळ्यावरची पंधरा किलोची बॅग स्वतः खाली काढली, धुतली, वाळत घातली. पाठवायला की ठेवून द्यायला, मी विचारलं नाही.

विडी घरकुलच्या ताई, तुमचा राग तिने मनावर घेतलाय. मंगळवारी दुपारी ती येतेय, बीपीचं मशीन आणि शुगरच्या पट्ट्या घेऊन. कुठल्या गल्लीत यायचं ते कळवा. आईंनाही थांबायला सांगा.