आरव्हीच्या (राहण्याची सोय असलेल्या गाडीच्या) छतावरील टीव्ही अँटेनाला वाहिन्या कमी का मिळतात?

प्रश्न: आम्ही अमेरिकेत आरव्हीने फिरतो. छतावरचा अँटेना फिरवता येतो. तरीही मुक्काम बदलला की चित्राचे चौकोनी तुकडे होतात. नवा अँटेना घ्यावा का?

प्रतिसाद १: इतक्यात नको. अँटेनातील बूस्टरला (संकेत वाढवणाऱ्या उपकरणाला) 12 व्होल्टचा पुरवठा बहुधा कोॲक्सियल केबलमधूनच (अँटेनापासून टीव्हीकडे येणाऱ्या केबलमधूनच) होतो, त्यामुळे बूस्टरच्या भिंतीवरील बटणाचा बारीक दिवा विझलेला असेल तर चांगला अँटेनाही निरुपयोगी ठरतो. तो दिवा आधी तपासावा. त्यानंतर एफसीसीच्या (अमेरिकेच्या दूरसंचार नियामक संस्थेच्या) संकेतस्थळावरील नकाशात मुक्कामाचा पत्ता टाकून प्रक्षेपण मनोऱ्यांची दिशा पाहावी, अँटेना तिकडे वळवावा आणि वाहिन्यांचा शोध नव्याने घ्यावा. डोंगराच्या पायथ्याशी मुक्काम असेल, तर मात्र फारशी आशा धरू नये.

प्रतिसाद २: पडद्यावरील क्रमांक आणि प्रक्षेपणाची खरी वाहिनी एकच असेल असे नाही, हेही त्याच नकाशात तपासावे. 2 ते 13 या खऱ्या क्रमांकांच्या व्हीएचएफ (कमी वारंवारतेच्या) वाहिन्या लहान अँटेनाला नीट पकडता येत नाहीत, आणि आरव्हीतील स्वस्त एलईडी दिवे त्यांत व्यत्यय आणतात. दिवे मालवून फरक पडतो का, ते पाहावे.

प्रश्नकर्ता: दोघांचेही आभार. बूस्टरचा दिवा लागतो, परंतु छतावरील केबलच्या जोडाला हिरवट गंज चढलेला दिसला. तो आधी बदलतो.