तानेयेव नावाचा रशियन संगीतकार कुणी ऐकलाय का? सुरुवात कशानं करू?

मांजराकाठी (लातूर)
मंडळी, पोरगी कीबोर्ड शिकते म्हणून घरात सध्या रॅकमॅनिनोव चालू असतो, मीबी सोबत ऐकलालो. त्याच्याबद्दल वाचताना एक नाव सारखं येतंय, सर्गेई तानेयेव. रॅकमॅनिनोवचा गुरू हाच, स्क्रियाबिनचाबी हाच, ग्लिएर हाच्याकडंच शिकला, आणि हा स्वतः चायकोव्स्कीचा शिष्य (हे सगळे रशियन संगीतकारच). मग एवढ्या माणसाचं नाव काहून कुणाला माहीत नाही? नुसता मास्तरच होता का स्वतःचंबी काही रचलंय? आपल्याला वेस्टर्नचं नोटेशन कळत नाही, तबला थोडाफार वाजवतो, त्या हिशोबानं सांगा.

गोदातीर (नांदेड)
नुसता मास्तर नव्हता भाऊ. १८७५ ला मॉस्को कॉन्झर्व्हेटरीतून (संगीताचं कॉलेज) कंपोझिशन आणि पियानो दोन्हीत गोल्ड मेडल घेऊन निघाला, तसं करणारा तिथला पहिलाच. चायकोव्स्कीचा पहिला पियानो कॉन्चेर्टो (ऑर्केस्ट्रासोबत पियानो मुख्य) मॉस्कोत पहिल्यांदा वाजला तेव्हा पियानोवर हाच, वय फक्त १९. पुढं १८७८ ला गुरूचेच वर्ग ह्याच्याकडं आले, आणि १८८५ ते ८९ तिथला डायरेक्टर.
पण तोंडावर खरं बोलणारा गडी. गुरूची चौथी सिंफनी (अख्ख्या ऑर्केस्ट्राची मोठी रचना) आली तर ह्यानं सरळ कळवलं की यात बॅलेचं संगीत फार डोकावतंय. तरी चायकोव्स्की नवीन लिहिलं की ह्याला दाखवायचाच.
नाव का नाही झालं, तर माझ्या मते काउंटरपॉइंटमुळं. म्हणजे दोन-तीन स्वतंत्र चाली एकाच वेळी वाजतात आणि तरी एकमेकीत बसतात. ह्यावर हा वीसेक वर्षं खपला, एक चाल वर-खाली किंवा मागंपुढं सरकवली तर दुसरीसोबत अजून जमेल का याचं अक्षरशः गणित मांडलं, ते पुस्तक १९०९ ला आलं. स्वतःची रचना करायच्या आधीबी थीम घेऊन वहीत असलेच व्यायाम करत बसायचा. त्यामुळं ऐकताना हिशोब जाणवतो, जरा कोरडंच वाटतं.

परभणी_पॅसेंजर
कोरडं?? ह्याचं पियानो क्विंटेट (पियानो आणि चार तंतुवाद्यं) ऐकलंय का तुम्ही, १९११ चं? त्यातली तिसरी मूव्हमेंट, म्हणजे तिसरा भाग, लावा. खालच्या पट्टीत वरून खाली उतरणारी स्वरांची एकच ओळ पुन्हा पुन्हा येत राहते आणि बाकीचे तिच्यावर काय काय उभं करत जातात! सोलो तबल्याला लेहरा धरतात ना, तसं समजा, मांजराकाठींना तर लगेच पटेल. ते ऐकून हिशोब आठवत असेल तर कान तपासा (हलकं घ्या).
आणि मास्तरकीचं अर्धंच सांगितलं तुम्ही. प्रायव्हेट शिष्यांकडून हा पैसे घ्यायचा नाही. रशियातल्या १९०५ च्या क्रांतीच्या गडबडीत डायरेक्टरच्या मनमानीवर चिडून कॉन्झर्व्हेटरीच सोडली, परत गेला नाही, पण घरी शिकवणं चालूच.

शेळी_उस्मानाबादी
टॉलस्टॉयची भानगड कुणीच काढंना, मग मीच सांगतो 😄 १८९५ आणि ९६ चे उन्हाळे हा टॉलस्टॉयच्या गावच्या वाड्यावर, यास्नाया पोल्यानाला, राहिला. दोघं बुद्धिबळ खेळायचे, तानेयेव हरला तर पियानो वाजवायचा, टॉलस्टॉय हरला तर आपलं लिहिलेलं वाचून दाखवायचा. १८९५ लाच टॉलस्टॉयच्या बायकोचं, सोफियाचं, सात वर्षांचंबी न झालेलं पोरगं वारलेलं, तिला ह्याच्या वाजवण्याचा आधार वाटला आणि ती इतकी गुंतली की म्हातारा जळायला लागला. हा बिचारा आयुष्यभर बिनलग्नाचा, घरी म्हातारी दाई सांभाळायला, ह्याच्या बहुतेक लक्षातच आलं नाही. बरं, डायरीबी लिहायचा ती एस्पेरांतोत (सगळ्या जगासाठी म्हणून मुद्दाम बनवलेली भाषा)!

मांजराकाठी (लातूर)
भारीच की. शेवट कसा झाला मग? आणि पहिलं काय लावू ते एकदाचं ठरवा.

गोदातीर (नांदेड)
१९१५ ला स्क्रियाबिन अकाली गेला, त्याच्या अंत्यविधीला ह्याला थंडी बाधली, त्यातून तब्येत ढासळत गेली आणि दोनेक महिन्यांत हाबी गेला. स्क्रियाबिनचं नंतरचं संगीत फार पटत नसतानाबी हा त्याच्या अंत्यविधीला हजर राहिला, ते मला जास्त मोठं वाटतं.
लावायचं म्हणाल तर सी मायनर सिंफनी आधी. कुठं ‘नंबर १’ लिहिलेलं दिसेल कुठं ‘नंबर ४’, घोळू नका, एकच आहे, हयातीत छापलेली तेवढीच. मग परभणीकरांचं क्विंटेट (बरं बाबा, त्या तिसऱ्या मूव्हमेंटला कोरडं म्हणणार नाही). दमास्कसच्या जॉनवरचा (जुना ख्रिस्ती संत) कँटाटा (कोरस आणि ऑर्केस्ट्राची रचना), ओपस १, तो रात्री निवांत. ओरेस्टेया ऑपेरा (जुन्या ग्रीक नाटकांवरचं संगीतनाटक) मात्र एवढ्यात नको, पोरगी पळून जाईल.